डीव्हीडी लावली की चित्र बिघडतं? आधी प्लेअरचा लोगो बघा

पाडव्याच्या दिवशी दुपारी आत्याचा फोन आला. "अरे, सुमीच्या लग्नाची सीडी लावलीय, तर सगळं ब्लॅक अँड व्हाइट. हिरवा शालू होता रे तिचा, तो राखेसारखा दिसतोय. सीडी गेली का?"

सीडी म्हणजे डीव्हीडी. आमच्याकडे गोल आणि चकचकीत असेल ते सगळं सीडीच. टीव्ही महिन्याभरापूर्वी घेतलेला नवा एलईडी, प्लेअर मात्र जुना, आधीच्या डबा टीव्हीवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला.

असे फोन मला वर्षातून पाच-सहा तरी येतात. दिवाळीत, मे महिन्यात, नाहीतर कुणाच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आला की. एरवी डीव्हीडी कोण बघतंय? पण लग्नं, मुंजी, आजोबांची पंच्याहत्तरी अजून त्या चकत्यांवरच आहे. प्रत्येक वेळी घरातले लोक एक तर डिस्कला दोष देतात, नाहीतर प्लेअर भंगारात घालायला निघतात. बहुतेकदा दोन्ही धडधाकट असतात. म्हणून जे फोनवर सांगतो तेच इथे लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी डिस्क बाहेर काढा आणि रिकामा प्लेअर चालू करा. पडद्यावर कंपनीचा लोगो येईल, मग 'नो डिस्क' असं काहीतरी. रिमोटवरचं सेटअप दाबलं तर मेनू येईल. हे चित्र डिस्कवरून येत नाही, प्लेअरच्या पोटातली चिप ते स्वतः बनवते. त्यामुळे लोगोच पळत असेल, रंगहीन असेल, त्यावर पट्टे असतील, तर दोष वायरमध्ये, सॉकेटमध्ये किंवा सेटिंगमध्ये. डिस्क पुसत बसू नका. उलट लोगो स्वच्छ आणि पिक्चर सुरू झालं की घोटाळा, तर डिस्क किंवा लेन्स. मग वायरी उपटायच्या नाहीत. याला काही अपवाद आहेत, मुख्य म्हणजे परदेशातून आलेली डिस्क. त्यावर पुढे येतो.

दुसरी खूण बिघाडाच्या तऱ्हेत असते. चित्राचे चौकोन होणं, अर्धा चेहरा जागच्या जागी थिजणं, आवाज तुटणं, हे डिस्क नीट वाचली न गेल्याचं लक्षण. पिवळ्या पिनेच्या वायरमुळे असे चौकोन कधीच येत नाहीत. आणि रंग उडणं, चित्र वर-खाली पळणं, आडवे पट्टे सरकणं, हे ओरखड्यामुळे कधी होत नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धी शोधाशोध वाचते.

रंगच नाहीत

आत्याला विचारलं, "टीव्हीच्या मागे पिवळं भोक आहे का?"

"नाहीच. हिरवं, निळं, लाल, आणि मग पांढरं, लाल."

"पिवळी पिन कुठे लावलीस?"

"हिरव्यात. टीव्ही बसवायला आलेल्या पोराने तिथेच लावून दिली. मला तेव्हाच शंका आली होती."

पोराने बरोबरच लावली होती. नवीन टीव्हीत जागा वाचवायला कंपन्या पिवळं भोक वेगळं देत नाहीत. हिरव्या भोकालाच दोन कामं असतात. जवळून टॉर्च मारून पाहिलं तर त्याच्या बाजूला बारीक अक्षरात 'वाय / व्हिडिओ' लिहिलेलं असतं, काही टीव्हींवर त्याची कडा अर्धी हिरवी अर्धी पिवळी असते. पिवळी पिन तिथेच लावायची. मग टीव्हीला सांगावं लागतं की हा पिवळ्याचा सिग्नल आहे. ते सांगायचं राहून गेलं की रंग जातात.

कारण असं. पिवळ्या वायरीतून उजेड आणि रंग एकत्र मिसळून येतात. याला कंपोझिट म्हणतात. हिरवा-निळा-लाल या तीन वायरींच्या कंपोनंटमध्ये मात्र हिरव्यातून फक्त उजेड येतो आणि रंगाची माहिती निळ्या-लालमधून. टीव्ही कंपोनंटवर असेल तर तो हिरव्यातून आलेला उजेड घेतो आणि रंगासाठी निळ्या-लालकडे बघत बसतो. तिथे तर काही जोडलेलंच नाही. झालं कृष्णधवल चित्र. आत्याला म्हटलं, चष्मा लाव आणि शालूजवळ जाऊन बघ. "अगंबाई, जाळी दिसतेय बारीक, ठिपक्याठिपक्यांची." तोच तिचा हिरवा रंग. सिग्नलमध्ये आलाय, पण टीव्ही त्याला रंग म्हणून वाचत नाहीये, म्हणून ठिपके दाखवतोय.

"आता रिमोटवर सोर्स दाब. काय लिहिलंय?"

"कंपोनंट."

"खाली एव्ही आहे त्यावर जा."

थोडा वेळ नुसता सनईचा आवाज. मग, "आला! आला रे हिरवा!"

सोर्समध्ये एव्ही निवडूनही रंग आले नाहीत, तर टीव्हीच्या चित्राच्या मेनूत 'कलर सिस्टिम' शोधा आणि ऑटोवर ठेवा. आणखी एक घोळ म्हणजे मागे लाल भोकं दोन असतात. एक कंपोनंटचं, एक आवाजाचं. आवाजाची लाल पिन चुकून कंपोनंटच्या लालमध्ये गेली की एका बाजूचा आवाज गायब होतो आणि चित्रावरही डाग उमटू शकतात. पांढऱ्याच्या शेजारचं लाल ते आवाजाचं.

मागे रंगीत भोकंच नाहीत

अलीकडच्या पातळ टीव्हींना हेडफोनसारखं एकच बारीक भोक असतं, 'एव्ही इन' लिहिलेलं. त्यात घालायची आखूड वायर टीव्हीच्या खोक्यात मिळते आणि खोक्याबरोबरच माळ्यावर जाते. मग माणूस बाजारातून तशीच दिसणारी वायर आणतो, चित्र येत नाही आणि स्पीकरमधून घर्रर्र येतं. या वायरीच्या टोकावर तीन काळे कडे आणि चार भाग असतात, आणि कोणत्या भागातून चित्र, कोणत्यातून आवाज, जमिनीची (अर्थची) जोडणी कुठे, हे सगळ्यांचं सारखं नाही. ती घरघर म्हणजे चित्राचा सिग्नल आवाजाच्या वाटेला गेलाय. अशा वेळी प्लेअरची पिवळी पिन त्या वायरीच्या लालमध्ये, मग पांढऱ्यामध्ये लावून बघा. निम्म्या वेळा काम होतं. नाहीच झालं तर टीव्हीचं मॉडेल सांगून त्याचीच वायर मागवा. माळ्यावरचं खोकं उघडून बघणं अर्थात सगळ्यात स्वस्त.

आणि तेही भोक नसेल, फक्त एचडीएमआय, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच वायरीतून घेणारं चपटं भोक असेल, तर कन्व्हर्टरची डबी लागते. इथे जपा. दुकानात दोन डब्या असतात, हुबेहूब सारख्या. एक एव्हीचं एचडीएमआय करते, दुसरी एचडीएमआयचं एव्ही. उलटी डबी उलटी लावून चालत नाही. साधारण ओळख अशी की आपल्याला हव्या त्या डबीवर ७२०पी / १०८०पी असा खटका असतो, आणि नको असलेल्या डबीवर पाल / एनटीएससी असा. डबीला पाच व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, मोबाइलचा चार्जर चालतो. एका बाजूला एचडीएमआय आणि दुसऱ्या बाजूला थेट तीन रंगीत पिना अशी नुसती वायर विकतात ती घेऊ नका. आत चिप नसेल तर ती वायर म्हणजे शोभेची वस्तू आहे. आणि १०८०पीचा खटका सरकवल्याने मंगलाष्टकं जास्त स्पष्ट दिसत नाहीत, हेही सांगून ठेवतो.

चित्र पळतंय

भारतात रंगीत टीव्ही १९८२ साली आला तो पाल पद्धतीचा. ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत आणि जपानमध्ये एनटीएससी. तिथे ५२५ रेषा, सेकंदाला जवळपास ३० चित्रं. न्यू जर्सीच्या भाच्याने तिकडच्या गणेशोत्सवाची डिस्क पाठवली, आणि गावच्या जुन्या डबा टीव्हीवर लावली की चित्र लिफ्टसारखं वर वर पळतं, बहुतेकदा रंगाशिवाय. हाच तो मुख्य अपवाद: लोगो ठीक, पिक्चर पळतंय, तरी डिस्कमध्ये दोष नाही.

प्लेअरच्या रिमोटवर 'एन/पी' किंवा 'पाल/एनटीएससी' असं बटण असतं. ते प्रत्येक वेळी दाबलं की पाल, एनटीएससी, ऑटो असं फिरतं. टीव्ही जुना, फक्त पालचा असेल तर पाल ठेवा. प्लेअर अमेरिकन डिस्कचं चित्र बदलून देईल, हालचाल जराशी अडखळत होईल, पण पळणार नाही. टीव्ही एलईडी असेल तर ऑटो ठेवा, त्याला दोन्ही चालतं. बरेचदा भानगड उलटी असते. घरातल्या कुणीतरी रिमोट पुसताना हे बटण दाबलेलं असतं आणि प्लेअर एनटीएससीवर जाऊन बसतो. मग लोगोसकट सगळंच पळायला लागतं.

चित्राऐवजी 'रीजन चुकीचा' अशी पाटी आली तर तो वेगळा विषय. बाजारातल्या डीव्हीडींना जगाचे विभाग पाडून कुलूप घातलेलं असतं. भारत पाचव्या विभागात, अमेरिका पहिल्या, युरोप आणि जपान दुसऱ्या. डीव्हीडीनंतर आलेल्या ब्ल्यू-रेमध्ये अमेरिका 'ए' आणि आपण 'सी'. तिथे वायर बदलून काही होत नाही. घरगुती शूटिंगच्या डिस्कवर सहसा हे कुलूप नसतं.

एक बटण दाबलं आणि सगळं गायब

हे प्रकरण मला सगळ्यात जास्त छळतं, कारण फोनवर सोडवायला अवघड. नातवाने रिमोट घेतला, काहीतरी दाबलं, आणि तेव्हापासून पडदा काळा किंवा त्यावर तिरक्या चिंध्या. आवाज मात्र चालू. नव्वद टक्के 'पी-स्कॅन', म्हणजे प्रोग्रेसिव्ह स्कॅन. त्यात प्लेअर चित्र कंपोनंटच्या तीन वायरींतून वेगळ्या पद्धतीने पाठवायला लागतो. पिवळ्या पिनेतून मग काहीच येत नाही, किंवा टीव्हीला कळेल असं येत नाही. हे परत बंद करायचं तर मेनू दिसायला हवा, आणि मेनू दिसत नाही.

उपाय करताना घाई नको. डिस्क काढा. रिमोटवर 'व्ही-मोड', 'व्हिडिओ आउट' किंवा 'पी-स्कॅन' असं बटण शोधा. एकदा दाबा, पाच सेकंद थांबा, टीव्हीकडे बघा. नाही आलं, परत एकदा. हे बटण कंपोझिट, कंपोनंट, पी-स्कॅन असं गोल फिरतं, तीन-चार दाबांत लोगो परत येतो. लोक भराभर दाबतात आणि योग्य जागेवरून पुढे निघून जातात. काही प्लेअरमध्ये डिस्क आत असताना हे बटण चालतच नाही, म्हणून ती आधी काढायची. असं बटणच नसेल तर प्लेअरच्या मागे दुसरी वाट आहे का बघा. एचडीएमआय असेल तर कुणाची तरी वायर तासाभरासाठी आणा, त्यातून मेनू दिसेल, तिथे प्रोग्रेसिव्ह बंद करा, मग पिवळ्यावर परत या.

एचडीएमआयने जोडलंय तरी

इथे चित्र येतं तर नीट येतं, नाहीतर 'नो सिग्नल'. आधी दोन्हीकडची वायर काढून पक्की बसवा, पण दोन्ही यंत्रं बंद करून. मग टीव्ही चालू करा, त्यावर तेच एचडीएमआय निवडा, आणि शेवटी प्लेअर लावा. चित्र दाखवण्याआधी टीव्ही आणि प्लेअर आपापसांत खातरजमा करतात, नक्कल रोखण्याच्या कुलपासाठी. ती फिसकटली की पडदा काळा, किंवा येतं-जातं. मध्ये साउंडबार, स्विच, स्प्लिटर काही असेल तर ते बाजूला करून प्लेअर थेट टीव्हीला लावून बघा. ४के ब्ल्यू-रे प्लेअर असेल तर टीव्हीचं दुसरं एचडीएमआय भोक वापरून पाहा. काही टीव्हींवर नव्या धाटणीचं कुलूप एकाच भोकाला कळतं.

सगळ्यांचे चेहरे गुलाबी-जांभळे किंवा हिरवे दिसत असतील तर वायर सैल आहे किंवा प्लेअरच्या मेनूतलं 'एचडीएमआय कलर' टीव्हीशी जुळत नाही. आरजीबीवरून दुसऱ्यावर, नाहीतर उलट करून पाहा. काळ्या भागात पांढऱ्या ठिणग्या चमकत असतील तर वायर बदला. लांबलचक स्वस्त वायरीत हे फार होतं. आणि जुन्या टीव्हीवर फक्त ब्ल्यू-रे सिनेमा लावला की पडदा काळा होत असेल, तर '२४पी' बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी येतो, ते सगळ्या जुन्या टीव्हींना झेपत नाही.

चौकोन, अडकणं

इथे डिस्क बघायची. उजेडात तिरकी धरा. पुसायची तर चष्म्याचं मऊ फडकं घेऊन मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका. माहिती गोल मार्गावर लिहिलेली असते. त्या मार्गाला आडवा ओरखडा एका जागी थोडीच माहिती खातो, ती प्लेअर हिशेबाने भरून काढतो. गोल ओरखडा सलग लांब पट्टा खातो, तिथे त्याचा हिशेब कोलमडतो.

चार वेगवेगळ्या डिस्क अडकत असतील तर लेन्स. इथे एक गंमत कामी येते. डीव्हीडीच्या आधीच्या व्हीसीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीसाठी ६५० चा. बऱ्याच प्लेअरमध्ये हे दोन वेगळे डायोड असतात. म्हणून व्हीसीडीवरचं नाटक सुरळीत चालतं आणि एकही डीव्हीडी घेत नाही, असं असेल तर डीव्हीडीचा डायोड थकला असण्याची शक्यता मोठी. दोन्ही अडखळत असतील तर आधी धूळ आणि दमटपणाचा संशय घ्या. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये बंद पडलेले प्लेअर तासभर नुसते चालू ठेवल्यावर वाचायला लागलेले मी पाहिलेत. ब्रश लावलेली क्लीनिंग डिस्क एकदा चालवा, तीही एकदाच. झाकण उघडून कापूस फिरवायचा मोह आवरा. पुरवठ्याच्या बाजूच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, तीनशेच्या वर व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही काही काळ टिकून राहतात.

सिनेमाच्या मध्यावर एकदाच, सेकंदभर थांबून चित्र पुढे जात असेल तर तो बिघाड नाही. साडेआठ जीबीची डिस्क दोन थरांची असते, लेझर पहिल्यावरून दुसऱ्या थरावर जातो तेव्हा एवढा वेळ लागतो. तिथे कायमचं अडकत असेल तर मात्र लेन्स.

सरकणारा पट्टा

एक रुंद, अंधूक, आडवा पट्टा सावकाश वर किंवा खाली सरकत राहतो आणि आवाजात बारीक गुणगुण येते. प्लेअरच्या पत्र्याला हात लावला तर झिणझिण्याही येतात. टीव्हीच्या मागची केबलवाल्याची गोल वायर काढा आणि बघा. पट्टा गेला? मग केबलच्या वायरीची जमीन आणि तुमच्या घरातल्या विजेची जमीन यांच्यात फरक आहे, आणि तो फरक तुमच्या पिवळ्या वायरीतून वाहतोय. टीव्ही, प्लेअर, सेटटॉप बॉक्स एकाच बोर्डावर लावा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. झिणझिण्या जोराच्या असतील तर हे टाळू नका.

चित्र ठरावीक वेळाने उजळतं आणि मंदावतं असं असेल, तर प्लेअरची वायर जुन्या व्हीसीआरमधून टीव्हीला गेलीय का ते बघा. नक्कल रोखण्यासाठी घातलेला सिग्नल व्हीसीआरला गोंधळात टाकतो. वायर थेट टीव्हीला लावा, विषय संपला.

धूसर दिसतंय, ते तसंच दिसणार

आपल्याकडच्या डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. ४के टीव्हीचं ३८४० बाय २१६०. गुणून बघा, बरोबर वीसपट. म्हणजे डिस्कवरच्या एका ठिपक्यातून टीव्हीला वीस ठिपके भरायचे असतात. व्हीसीडीचं ३५२ बाय २८८, म्हणजे त्याच्याही चौथा हिस्सा. पन्नास इंची पडद्यावर वऱ्हाडी मंडळी मेणासारखी दिसली तर टीव्हीवाल्याशी भांडू नका. शार्पनेस उलट कमी करा, वाढवलं की चेहऱ्यांभोवती पांढऱ्या रेघा येतात. सोफा दोन फूट मागे ओढा.

नवरा-नवरी आहेत त्यापेक्षा जाड दिसत असतील तर जुनं ४:३ चं शूटिंग रुंद पडद्यावर ताणलंय. टीव्हीवर ४:३ निवडा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील. ते असू द्या. आत्याने मात्र पट्टे नकोत म्हणून परत ताणून घेतलं. सुमी म्हणते, "आई, मी तेव्हा एवढी जाड नव्हते गं."

आत्याची डिस्क मी नंतर पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. शूटिंगवाल्याने दिलेली ती जांभळट पाठीची लिहिलेली डिस्क, छापलेली नव्हे. अशा डिस्कमधला रंगाचा थर उन्हाने आणि दमटपणाने उडत जातो. माझ्या लॅपटॉपवर ती तिसऱ्या मंगलाष्टकाला अडकली. शेजाऱ्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर कन्यादानाला. शेवटी आत्याच्याच प्लेअरने ती सलग वाचली, तेव्हा त्याच्या पिवळ्या पिनेतून कॅप्चरच्या डबीने रेकॉर्ड करून घेतली. प्लेअर अजून तिच्याकडेच आहे, टीव्हीखाली, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला. रुमाल काढून मग चालू कर, वरची हवेची भोकं बुजतात, एवढं सांगून आलोय.